गिअरबॉक्स घरी उतरवला तेव्हा

घरी गाडी खोलली की ती कधी ना कधी जोडून होतेच. किस्से मात्र संपत नाहीत. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणाच्या गाडीचा विषय निघाला की कुणीतरी माझ्याकडे बोट करतं, "याला विचारा, यानं घरी गिअरबॉक्स उतरवलाय." मग मला ताट बाजूला सरकवून सुरुवात करावी लागते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकच किस्सा होता. सांगता सांगता लक्षात येत गेलं, अरे, तेही झालं होतं की, आणि तेही. काही सॅमने आठवण करून दिल्यावर आठवले. काहींची त्याने आठवण काढली नसती तर बरं झालं असतं.

सॅम म्हणजे सॅम्युअल. आम्ही दोघं रांजणगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहोत आणि लग्नाआधी कारेगावात एकाच खोलीवर राहायचो. तो शिरूरचा, जुन्या मिशन कंपाउंडजवळचा. अंगाने उंच, बोलायला हळू. कुठलंही मशीन खोलण्याआधी डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करतो आणि मगच पान्याला हात लावतो. त्यावरून त्याला सगळे चिडवतात, पण मशीन हट्टाला पेटलं की आधी त्यालाच शोधतात.

माझं घर इनामगावच्या अलीकडे, घोड नदीच्या अंगाला, वस्तीवर आहे. पुढे अंगण, मागे पत्र्याचं शेड, बाकी सगळीकडे ऊस. शेडमध्ये आधी गुरं होती, आता खाली कोबा केलाय. घरात मी, आई आणि बायको रूपाली. त्या वेळी रूपाली दौंडला माहेरी गेली होती. तिचे दिवस भरत आले होते. तिला आई नाही, वडील कुरकुंभला कंपनीत शिफ्टला, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच, माझ्या आईच्या हाताखाली व्हायचं ठरलं होतं. दवाखाना शिरूरचा. वस्तीवरून शिरूरला वेळेवर पोचायचं तर दारात गाडी हवी. आणि नेमका तेव्हाच, न्हावऱ्याच्या पुढे, आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा क्लच गेला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून ती घरी ओढत आणली.

शिरूरच्या गॅरेजवाल्याकडे गाड्यांची रांग लागली होती. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. सॅम म्हणाला, आपण कंपनीत एवढाले कॉम्प्रेसर खोलतो, हे काय, एका रविवारचं काम आहे.

*

गिअरबॉक्स इंजिनाला बोल्टांनी धरलेला असतो. त्यातले बहुतेक दिसतात. एक दिसत नाही. तो वरच्या बाजूला, मागे, अशा कोपऱ्यात असतो की तिथे नजर पोचत नाही, फक्त बोटं पोचतात. सकाळभर आम्ही बाकीचे काढले. दुपारी हा एक राहिला. ठरलं असं, की सॅमने बॉनेटकडून मधले पाइप-ट्रे काढून वरून हात घालून पाना बोल्टावर नीट बसवून धरायचा आणि मी गाडीखालून ओढायचं.

मी खाली सरकलो. दंडापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपडल्यावर बोल्ट लागला, आणि त्यावर आधीच बोटं होती. सॅमला सापडला म्हणून मला हायसं वाटलं. मी पाना वर दिला, त्या बोटांनी तो धरला, जरासा फिरवून बोल्टावर बसवला आणि घट्ट दाबून ठेवला. मी ओढलं. बोल्ट एकदा करकरला आणि सुटला.

मी खालूनच म्हणालो, "सॅम, हात किती गार पडलाय तुझा."

उत्तर शेडच्या दारातून आलं. सॅम तिथे उभ्या उभ्या भाकरी खात होता. आईने हाक मारली म्हणून तो हात धुऊन गेला होता. मला वाटलं, तो माझी चेष्टा करतोय. बाहेर येऊन मी बॉनेटमध्ये बघितलं. बोल्टाच्या बरोबर वर हवेचा जाड पाइप आणि बॅटरीचा ट्रे जागच्या जागी होता. तिथून हात जाईल एवढी जागाच नव्हती.

सॅम भाकरी हातात धरून म्हणाला, "मी वरून अजून सुरुवातच केलेली नाही, दत्ता."

आईचं म्हणणं पडलं की उन्हाने डोकं फिरलंय. तिने मला तांब्याभर ताक पाजलं. त्या दिवशी आम्ही पुढे काही खोललं नाही.

*

गिअरबॉक्स उतरला, तेल काढलं, तर तेलात लोखंडाचा चुरा. आतली बेअरिंगं गेली होती. म्हणजे नुसता क्लच बदलून भागणार नव्हतं. दौंडला रेल्वे लाइनच्या पलीकडे जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात, म्हणून सॅमच्या मोटारसायकलवर तिकडे गेलो. म्हटलं, रूपालीलाही भेटून होईल.

दुकानाचे मालक वयस्कर होते. सगळे त्यांना मामा म्हणत होते. आमच्या गाडीला बसतील असे त्यांच्याकडे दोनच गिअरबॉक्स होते. एकाचे दाते झिजलेले. दुसरा कोपऱ्यात गोणपाटावर ठेवलेला, स्वच्छ, हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरणारा. मी म्हणालो, हा द्या. मामांनी आधी आमचं गाव विचारलं. मग म्हणाले, हा मी आधी विकलाय, एकदा भिगवणकडच्या माणसाला, एकदा पारगावच्या.

मी विचारलं, मग परत का आला? खराब निघाला का?

"परत कुणीच न्हाई आणला. सकाळी शटर उघडलं, तर जाग्यावर हुता."

मी हसलो. मामा हसले नाहीत. बाजूला कवचावर पिवळ्या रंगाचा एक फराटा होता, तो त्यांनी स्वतः खुणेसाठी मारलेला. तो दाखवून ते म्हणाले, खूण माझीच हाय. सॅमने विचारलं, त्या दोघांनी तक्रार नाही केली? गिअरबॉक्स गेला म्हणून?

मामा म्हणाले, "मी फोन करून इचारलं ना. दोघांच्याबी गाड्या चालू हायेत, गिअरबॉक्स हाय तिथंच हाय, पिवळ्या खुणेसकट. मग ह्यो कुठला, ते मला ठावं न्हाई."

दुसरा झिजलेला होता, आणि रूपालीला आता फार दिवस दौंडला ठेवणं बरोबर नव्हतं. आम्ही हाच घेतला. ओळखीच्या पिकअपमध्ये तो चढवल्यावर सॅमने त्याच्यावर हात ठेवून डोळे मिटले. मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

*

काढण्यापेक्षा बसवणं अवघड. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध असलेल्या भोकात शिरावा लागतो, दात्यात दाता बसून. केसाएवढं इकडेतिकडे झालं तरी तो शिरत नाही, आणि तेवढा वेळ ते धूड कुणीतरी पेलून धरायचं. आमचे दोन-तीन रविवार असेच गेले. सॅम आणि मी एकमेकांवर चिडायला लागलो. रूपाली फोनवर रोज विचारायची, झाली का गाडी? मी रोज म्हणायचो, होईल उद्या.

एका सुट्टीला सॅमची डबल ड्युटी होती. मला राहवेना. गिअरबॉक्स शेडच्या पाइपाला सोलाने, म्हणजे जाड दोरखंडाने, टांगला, खाली जॅक लावला आणि एकटाच आत शिरलो. आई खुरपायला रानात गेली होती. ऊन डोक्यावर आलेलं. माझी छाती बरोबर गिअरबॉक्सखाली होती आणि शाफ्ट या वेळी शिरतो असं वाटत होतं. तेवढ्यात रूपालीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकून फोन कोब्यावर ठेवला.

ती दवाखान्याचं काहीतरी सांगत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "तिथं बाई कोण हाय?"

मी म्हणालो, कुणी नाही, आई रानात आहे.

"मग मघापासून 'बाहेर या, बाहेर या' कोण म्हणतंय?"

मी कान दिला. वाऱ्याने उसाची पानं सळसळत होती, बाकी काही नाही. मी म्हणालो, तुला भास होतोय. तिचा आवाज एकदम बदलला. नवऱ्याच्या शेडमध्ये बाई, आणि नवरा म्हणतोय कुणी नाही. ती म्हणाली, आधी बाहेर या, मला दाखवा, मग बोला. आता मलाही राग आला. गिअरबॉक्स होता तसाच सोडून मी सरकत बाहेर आलो, दारापर्यंत गेलो आणि व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा शेडकडे केला. म्हणालो, बघ, आहे का कुणी?

तिने बघितलं. मीही तिच्याबरोबर फोनमध्येच बघत होतो. जॅक बाजूला निसटला, सोल तुटला आणि गिअरबॉक्स खाली आदळला. मी ज्या गोणपाटावर पडलो होतो, ते त्याच्याखाली होतं.

मी दारातच बसलो. फोनमधून रूपाली हळू म्हणाली, "आता ती बोलत न्हाई."

गिअरबॉक्सच्या कवचाचा एक टवका उडाला होता, बाकी काही झालं नव्हतं. आईला मी सांगितलं नाही. दोन-तीन दिवस शेडकडे फिरकलो नाही. रूपाली म्हणाली, राहू द्या ती गाडी, भाड्याची बघू. पण ऐन वेळी भाड्याची गाडी आमच्या वस्तीवर येणार कधी, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पुढच्या रविवारी सॅम येताना ओळखीच्या गॅरेजमधून साखळीची पुली घेऊन आला. माझ्याकडे न बघताच तिचा हुक पाइपात अडकवत म्हणाला, एकट्याने परत आत जायचं नाही.

त्या दिवशी शाफ्ट पहिल्याच झटक्यात बसला.

*

घरी गाडी जोडली की शेवटी बोल्ट उरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे उलटं झालं. एक बोल्ट कमी पडला. आणि तोही कुठला, तर तोच, कोपऱ्यातला, न दिसणारा. काढला तेव्हा मी डब्यात टाकला होता, हे मला पक्कं आठवत होतं. डबा उलटा केला, कोबा झाडला, शेडच्या मोरीत हात घातला. नाही मिळाला. सॅम शिरूरला जाऊन तसाच नवा घेऊन आला.

या वेळी पाइप, बॅटरीचा ट्रे सगळं आधीच काढून ठेवलं होतं, म्हणजे वरून हात जात होता. सॅमने नवा बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीतून काढायच्या आधी भोक कुठे आहे ते बघायला आत हात घातला. थोडा वेळ चाचपलं. मग हात बाहेर काढला आणि फडक्याने पुसत बसला.

मी म्हणालो, काय झालं?

"बसवलाय," तो म्हणाला.

मी हात घालून बघितलं. बोल्ट जागेवर होता. पाना लावून बघितला तर इतका आवळलेला, की मला हलवता येईना. मी बसवला नव्हता. सॅमने बसवला नव्हता. आईला तर पाना कशाशी खातात ते माहीत नाही. आम्ही एकमेकांकडे न बघता ट्रे आणि पाइप चढवला.

नवा बोल्ट सॅमच्या लॉकरमध्ये अजून पिशवीतच आहे. कंपनीत त्याला कुणी त्याबद्दल विचारलं, तर तो विषय बदलतो.

*

गाडी झाली. किल्ली फिरवली, क्लच दाबला, पहिला गिअर आवाज न करता पडला. मी दौंडला जाऊन रूपालीला घेऊन आलो. पुढच्याच आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या. नेमकी ऊसतोड चालू होती, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. प्रत्येक ट्रॉलीमागे गिअर बदला, परत बदला. मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून रूपाली विव्हळत होती आणि माझ्या मनात एकच, आता हा गिअरबॉक्स दगा देऊ नये. त्याने दिला नाही. आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. सॅम आमच्या आधीच दवाखान्याच्या दारात येऊन उभा होता.

मुलगी आता चालायला लागली आहे. गाडी अजून तीच आहे आणि आजवर तिने एकदाही त्रास दिलेला नाही. मामांना मी एकदा दौंडला भेटलो. कोपऱ्यातल्या गोणपाटावर काही आहे का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

फक्त रूपालीची एक सवय आहे. गाडीचं दार उघडलं की ती लगेच आत बसत नाही. दाराला धरून, जरा बाजूला होऊन थांबते. आधी कुणाला तरी उतरू देत असल्यासारखी. मग बसते.

*

कॅन्टीनमध्ये मी इथेच थांबतो आणि ताट पुढे ओढतो. पण आणखी एक किस्सा आहे, गाडी सुरू व्हायच्या आधीचा. तो मी सहसा सांगत नाही.

सगळं जोडून झालं होतं. क्लचच्या तेलातली हवा काढायची तेवढी राहिली होती. हे काम एकट्याने होत नाही. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने गाडीखाली निपलजवळ, म्हणजे तेल सोडायच्या छोट्या तोटीपाशी. खालचा म्हणतो, दाब. वरचा पेडल दाबतो. खालचा म्हणतो, धरून ठेव, आणि निपल सैल करतो, की तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. मग निपल आवळायचं आणि म्हणायचं, सोड. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरच्याने पेडल दाबलंच नाही, तर खाली तेलाचा थेंबही येत नाही.

मी खाली शिरलो तेव्हा वर ड्रायव्हरची सीट करकरली, म्हणजे सॅम बसला असं मी धरलं. बोल्टाच्या प्रकारानंतर तो बोलेनासा झाला होता, म्हणून मीही कामापुरतंच बोलायचं ठरवलं. दाब म्हणालो. धरून ठेव म्हणालो. निपल सैल केलं, बुडबुडे आले. आवळलं, सोड म्हणालो. मस्त चाललं होतं. कंपनीत आम्ही हे काम कितीदा केलंय, पण इतकं अचूक कधी झालं नव्हतं. माझा शब्द संपायचा आणि पेडल खाली गेलेलं असायचं. हळूहळू बुडबुडे कमी झाले. शेवटी स्वच्छ, एकसारखी धार आली. मला इतका आनंद झाला, की मी म्हणालो, "सॅम, झालं बघ. धरून ठेव जरा." निपल शेवटचं आवळलं, फडक्याने पुसलं.

तेवढ्यात घरापुढे मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मग सॅमचा आवाज, आईशी बोलताना. मग तो शेडमध्ये आला. मला गाडीखालून त्याचे बूट दिसत होते. तो म्हणाला, "सुरुवात नाही ना केलीस? तेल पुरणार नाही असं वाटलं, म्हणून आणायला गेलो होतो. आईंना सांगून गेलो."

मी बाहेर आलो. त्याच्या हातात तेलाचा सीलबंद डबा होता. माझ्या हातात निपलमधून काढलेल्या तेलाने भरलेली बाटली होती. त्याने बाटलीकडे बघितलं, मग गाडीकडे. दोघंही ड्रायव्हरच्या बाजूला गेलो आणि काचेतून आत बघितलं.

सीट रिकामी होती. क्लचचं पेडल पार खाली, तळाला टेकलेलं होतं.

सॅम म्हणाला, "हवा राहिली असेल. हवा असली की पेडल खालीच चिकटतं." पण बोलताना त्याची नजर माझ्या हातातल्या बाटलीवर होती, आणि वरचं तेल आरशासारखं स्वच्छ होतं.

दार उघडून पेडल हाताने वर ओढायचं, एवढंच काम होतं. दोघांपैकी कुणीच दाराला हात लावला नाही. आईने आतून चहाला हाक मारली. आम्ही हललो नाही. मला आठवलं, मी शेवटचं काय म्हणालो होतो. काच थोडी खाली होती. मी तिच्याजवळ तोंड नेलं आणि मघाशी गाडीखालून बोलत होतो त्याच आवाजात म्हणालो, "सोड."

पेडल वर आलं. झटक्याने नाही. हळूहळू, जसं सोडायला पाहिजे तसं.